चेंडू चालतो, कप चालत नाही : बाळू पालवणकर आणि कर्णधारपदाची लढाई

बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरहून सकाळी मुंबईकडे जाणाऱ्यांनी एक दृश्य नक्की पाहिलं असेल. लोकलच्या गर्दीत दाराजवळ एखादा पोरगा खांद्याला किट अडकवून उभा असतो. सीएसएमटीला उतरून तो आझाद मैदानात जातो. त्याच मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. आज आपण बोलणार आहोत ते तिथे १९०६ साली झालेल्या एका सामन्याबद्दल, आणि त्यात खेळलेल्या एका माणसाबद्दल.

खेळातला वर्णभेद म्हटलं की आपल्याला जॅकी रॉबिन्सन आठवतो. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉलची दारं कृष्णवर्णीयांना उघडली. आपल्याकडे रंगाच्या जोडीला जातीची भिंत होती. ती ओलांडणारा माणूस रॉबिन्सनच्या चाळीस वर्षं आधी आपल्याच मुंबईत खेळत होता. त्याचं नाव बाळू पालवणकर.

कुटुंब मूळचं कोकणातलं, जात चांभार, वडील फौजेत नोकरीला. १८७६ च्या सुमारास जन्मलेले बाळू पुण्यात वाढले. पोरवयात एका क्लबच्या मैदानावर झाडलोट करायची, रोलर फिरवायचा, असं काम मिळालं. पुढे साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते नेट लावू लागले, खेळपट्टीची निगा राखू लागले आणि सरावासाठी गोलंदाजी टाकू लागले. ते डावखुरे फिरकी गोलंदाज होते. कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित इंग्रज फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर तासन् तास सराव करायचा. बाळूंनी बाद केलं की तो आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात.

पण त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती कोणी बॅट दिली नाही. आपल्या गल्लीत ‘ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग’ हा कायदा असतोच की नाही? तोच कायदा तिथेही होता. फलंदाजी हा मान आणि गोलंदाजी ही मजुरी, ती नोकरानं करायची. म्हणजे एखाद्याला खेळात घेतलं तरी त्याला कुठलं काम द्यायचं, हे आधीच ठरलेलं असतं. अमेरिकन फुटबॉलमध्येही कृष्णवर्णीय खेळाडू पळायला आणि अडवायला चालत, पण डाव आखणाऱ्या क्वार्टरबॅकची जागा त्यांना मिळणं फार अवघड होतं. त्या जागेवर खेळून सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय डग विल्यम्स, आणि साल होतं १९८८.

पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांना हरवायचं होतं, आणि असा गोलंदाज दुसरा नव्हता. कुरबुर झाली, तरीही बाळूंना घेतलं. मैदानात सगळे एकच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसून कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचं ताट वेगळं आणि जागाही वेगळी. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता. ज्यांच्यासोबत खेळता त्यांच्यासोबत जेवायला काय हरकत आहे, असं न्यायमूर्ती रानड्यांनी या खेळाडूंना सुनावल्याची आठवण नोंदलेली आहे.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईत आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. धाकटा भाऊ शिवरामही संघात आला. मग आला तो १९०६ चा सामना, हिंदू विरुद्ध युरोपियन. बॉम्बे जिमखान्याचं सभासदत्व तेव्हा फक्त गोऱ्यांना होतं. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ वर आटोपले. १०९ धावांनी विजय! ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्रानं त्यात सामाजिक सुधारणेचं मोठं पाऊल पाहिलं, कारण मुंबईच्या संघात पालवणकर बंधू इतरांच्या पंगतीला बसत होते.

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला. संघानं बरेच सामने गमावले, पण बाळूंनी त्या दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांना त्यांच्याबद्दल मोठा अभिमान होता.

आता तुम्ही म्हणाल, भिंत पडली. खरंच पडली का? आमच्या मते, खरी भिंत इथूनच पुढे लागते.

एवढी कामगिरी असलेला ज्येष्ठ खेळाडू संघाचा कर्णधार का नाही, हा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि सभांमधून विचारला जाऊ लागला. मान मिळत राहिला एम. डी. पै यांना. बाळूंचा हक्क मोठा आहे, हे खुद्द पैंनीही बोलून दाखवलं होतं. १९२० साली पै आजारी पडले. तेव्हा कर्णधारपद दि. ब. देवधरांकडे गेलं आणि बाळूंना तर संघातूनच वगळलं. यावर शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीर सांगितलं. पुढच्या सामन्यात भाऊ परत आले. बाळू उपकर्णधार झाले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर राहिले, म्हणून तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. पंचवीस वर्षांच्या क्रिकेटनंतर वाट्याला आलेलं कर्णधारपद एवढंच.

पण ती माघार वाया गेली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघानं चौरंगी स्पर्धा जिंकली.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. बाळू संघात आले ते गुणांवर, कारण संघाला जिंकायचं होतं. गुणी माणसाला आत घेण्यात घेणाऱ्याचाही फायदा असतो. त्याच्या हुकमात राहायचं, यात मात्र वरच्याला स्वतःचं काही सोडावं लागतं. म्हणून हे दुसरं दार नुसत्या बळींच्या आकड्यांनी उघडलं नाही. भावांनी ‘आम्ही खेळत नाही’ म्हटलं, बाहेर लोक बोलत राहिले, तेव्हा ते उघडलं. जगातही हेच दिसतं. वेस्ट इंडिजच्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू पहिल्यापासून होते. पण संपूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार, फ्रँक वॉरेल, नेमायला १९६० उजाडलं, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी पत्रातून मोहीम चालवल्यावर. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सननंतर पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन यायला १९७५ साल लागलं.

शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे, पण टाळता येत नाही. बाळू पुढे राजकारणात आले. १९३२ मध्ये पुणे कराराच्या वेळी ते गांधीजींच्या बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं आणि ते हरले. त्यांना कमी लेखायचं कारण नाही. जे मिळालं ते समाजात राहून, सोबत खेळून मिळालं, हा त्यांचा अनुभव होता. बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता : ज्याच्या हातात चेंडू फिरत नाही, त्या लाखोंचं काय? एक माणूस आत गेला की ‘बघा, आता भेद कुठे राहिला?’ म्हणणारे लगेच तयार होतात.

म्हणून एक काम सुचवतो. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. पुढच्या वेळी गेलात की खेळणाऱ्यांबरोबर आणखी काही माणसं पाहा. टॉसला कोण जातं, संघ कोण निवडतं, बक्षीस द्यायला मंचावर कोण बसतं आणि सामना संपल्यावर मैदान कोण झाडतं. बाळूंची सुरुवात त्या झाडूपासूनच झाली होती. आता तुमचे प्रश्न घेऊ.