घाट : डोंगरातला आणि नदीतला

घाट म्हणजे उतरण्याची ठरलेली जागा. डोंगर उतरणारी वाट हा घाट, नदीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या हाही घाट, आणि होडी लागते तो काठही घाटच. तुकोबांची पालखी आषाढवारीत डोंगरातला आणि नदीतला असे दोन्ही घाट पाहते. पाटस सोडल्यावर ती रोटी घाट चढते, बारामती आणि इंदापूरचे मुक्काम करून सराटीला येते, तिथे नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घडते आणि मग वारी अकलूजकडे निघते.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘घट्ट’. त्यातले जोडाक्षर सुटे झाले आणि आधीचा स्वर लांबला. सत्तचा सात झाला, हत्थचा हात झाला, तसाच घट्टचा घाट. संस्कृतात नावाड्याला ‘घट्टजीवी’ म्हणत, म्हणजे घाटावर पोट भरणारा. घट्ट याचा आणखी एक अर्थ जकातीचे ठाणे. जकात चुकवायला रात्रभर आडवाटेने फिरलेला माणूस पहाटे नेमका नाक्याच्याच खोपटापाशी येऊन ठेपतो, याला ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ म्हणतात. डोंगराची खिंड असो की नदीचा उतार, सगळ्यांना तिथूनच जावे लागते. त्यामुळे वसुलीला याहून सोयीची जागा नाही. नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असे सांगतात, तेही याच व्यवहाराला धरून. युरोपीय लोकांनी तर खिंडींचे हे नाव अख्ख्या सह्याद्रीला लावून त्याला ‘पश्चिम घाट’ करून टाकले. भांड्याचा किंवा दागिन्याचा ‘घाट’ मात्र वेगळा. तो ‘घडणे’ या अंगाने आलेला, आणि ‘घाट घालणे’ हा वाक्प्रचारही त्याच्याच जवळचा.

नदीवरच्या घाटाची खरी करामत पाण्याच्या चढउतारात आहे. दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात डबक्यांपुरत्या उरतात आणि पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहतात. एकाच उंचीचा धक्का इथे वर्षातले थोडेच दिवस उपयोगी पडेल. पायऱ्यांचा उतार बांधला की पाणी कुठेही असो, कुठली ना कुठली पायरी पाण्याला लागून असतेच. होडी तिथेच टेकते, घागर तिथेच बुडते, अंघोळही तिथेच होते. म्हणून घाटाच्या शेवटच्या पायऱ्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्याही खाली न्याव्या लागतात, नाहीतर पूर पायथ्याची माती काढून नेतो आणि वरचे काम खचते. आपल्याकडे काळ्या पाषाणाचे घडीव चिरे बसवून हे काम करत. पुढे आलेले बुरूज प्रवाहाचा जोर मोडत, आणि मधले रुंद टप्पे बसायला, कपडे ठेवायला, ओझे टेकायला उपयोगी पडत. वाईचे कृष्णाकाठचे घाट, अहिल्याबाईंचे महेश्वरचे घाट, पंढरपूरचा महाद्वार घाट हे सगळे याच हिशेबाने उभे आहेत.

इंदापूर तालुक्यात घाट पाहायचा तर नीरा नरसिंहपूरला जावे. पुणे जिल्ह्याच्या अगदी आग्नेय टोकाला भीमा आणि नीरा इथे एकत्र येतात. भीमेपलीकडे माढा, नीरेपलीकडे माळशिरस. लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळाचे काम विंचूरकर घराण्याने केले, आणि देवळापासून पायऱ्या थेट संगमाकडे उतरतात. तीन बाजूंनी पाणी असलेल्या गावाला देवदर्शन आणि नदीपार जाणे ही दोन्ही कामे काठावरच करायची होती. बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. कऱ्हा मात्र लहान नदी. ती पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते.

भीमेचा इंदापूरकडचा काठ १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाने पार बदलला. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि गाव वर सरकले. पळसनाथाचे प्राचीन देऊळ अजून तिथेच आहे. साठा ‘उणे’ झाला, म्हणजे मृतसाठ्यात उतरला, की ते शिखरापासून हळूहळू उघडे पडते आणि दगडी बांधणी पाहायला माणसे होडीने किंवा चालत तिथवर जातात.

पात्र रुंदावले तशी होडीची गरजही वाढली. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांतल्या समोरासमोरच्या गावांना रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे होडीत बसतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. अशा ठिकाणी बहुधा मातीचा उघडा काठ असतो. पाणी ओसरले की तो दूर सरतो, आणि उतारू चिखलातून होडीपर्यंत जातात. पाण्याच्या सर्वांत खालच्या पातळीपर्यंत नेलेला फरसबंद उतार, होडी बांधायला पक्की कडी, प्रत्येक उतारूला जीवरक्षक जाकीट आणि वारा उठला की फेरी बंद ठेवण्याचा अधिकार असलेला माणूस, एवढे तरी प्रत्येक उतारावर हवे. पूल होईपर्यंत या काठांवर घाट बांधणे शासनाने आणि ग्रामपंचायतींनी तातडीचे काम मानावे.