हॉब घेताय? ओटा कापण्याआधी हे तपासा

किचन ट्रॉलीचे काम निम्म्यावर आले की कंत्राटदार विचारतो, ‘हॉब कोणता बसवायचा?’ तोवर ग्रॅनाइट आलेले असते, चिमणीची जागा ठरलेली असते आणि कटिंगवाला मशीन घेऊन दारात उभा असतो. मग घाईघाईने दुकान गाठले जाते आणि काळ्या काचेचा, चार बर्नरचा, दिसायला देखणा हॉब उचलला जातो.

शेगडी आवडली नाही तर बदलता येते. ग्रॅनाइटला पाडलेले भोक मात्र बुजवता येत नाही. शिवाय प्रत्येक कंपनीच्या, अनेकदा प्रत्येक मॉडेलच्या कटआउटचे माप वेगळे असते. काही वर्षांनी हॉब बिघडला, तर नवा हॉब त्याच मापात बसणारा शोधावा लागतो. म्हणून निवड काचेच्या रंगावरून करून चालत नाही. घरात गॅस कोणता येतो, विजेचा भार किती आहे आणि त्या ओट्यावर रोज काय शिजते, यावर ती ठरते.

हॉब आणि शेगडीत फरक काय?

शेगडी ओट्यावर ठेवलेली असते, हॉब ओट्यात बसवलेला असतो. वर फक्त काच किंवा स्टीलचा पत्रा, बर्नर आणि जाळ्या दिसतात. गॅसची नळी, जेट, वायरी हे सगळे ओट्याखाली. या दोहोंच्या मधला प्रकार म्हणजे हॉबटॉप. त्याला पाय लावले की शेगडी, पाय काढून ओट्यात बसवला की हॉब. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा अजून मन पक्के न झालेल्यांना हा सोयीचा.

उष्णतेच्या दृष्टीने पाहिले तर बाजारात गॅस, इंडक्शन आणि रेडियंट म्हणजे इन्फ्रारेड असे तीन प्रकार मिळतात. काही मॉडेलमध्ये दोन-तीन गॅस बर्नरसोबत एक इंडक्शन प्लेटही असते.

भाकरीच्या घरात इंडक्शन चालेल का?

चालेल, पण एकटे नाही. भाकरी तव्यावर शेकून झाली की ती थेट आचेवर धरून फुगवायची असते. फुलक्यांचेही तेच. भरताचे वांगे, पापड, सुके खोबरे यांना ज्योतच लागते. इंडक्शनच्या काचेवर ज्योत नाही. काच स्वतः तापवत नाही, तिच्याखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडातच उष्णता तयार करते. त्यामुळे भांडे उचलले की काम थांबते.

यातूनच भांड्यांचा प्रश्न येतो. बुडाला लोहचुंबक चिकटले तरच भांडे इंडक्शनवर चालते. ॲल्युमिनियमची पातेली, हिंडालियमचा जुना कुकर, तांब्या-पितळेची भांडी चालत नाहीत. बिडाचा किंवा लोखंडी तवा चालतो, मात्र बूड सपाट हवे. गोल बुडाची कढई आणि फोडणीचे छोटे कढले इथेही अडतात; कढल्याचे बूड इतके लहान असते की अनेक प्लेटना भांडे ठेवले आहे हेच कळत नाही. हॉबच्या किमतीत नव्या भांड्यांचा खर्च धरला नाही, तर हिशेब फसतो.

दुसऱ्या बाजूला दूध, चहा, वरण-भाताचा कुकर, उकडलेले बटाटे, रस्सा ही कामे इंडक्शनवर झटपट होतात. दूध वर येताना बटण बंद केले की उकळी लगेच बसते. स्वयंपाकघरही कमी तापते, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ही लहान गोष्ट नव्हे. घरात कुणाला पेसमेकर बसवला असेल, तर मात्र इंडक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

रेडियंट प्लेटवर कोणतेही सपाट बुडाचे भांडे चालते, अगदी ॲल्युमिनियमचेही. पण तिथे काचच तापते आणि बंद केल्यावर बराच वेळ गरम राहते. घरात रांगणारे, ओट्याला हात पोहोचणारे मूल असेल तर हा प्रकार टाळलेला बरा.

एकूण पाहता, बहुतेक मराठी घरांत मुख्य हॉब गॅसचा आणि जोडीला सुटी इंडक्शन प्लेट ही व्यवस्था सर्वांत व्यवहार्य ठरते. सुटी प्लेट तीन महिने वापरून पाहावी. ती रोज चालू लागली, तर पुढे ओट्यात बसवण्याचा विचार करता येतो. न वापरलेली, ओट्यात कायमची बसलेली महागडी इंडक्शन प्लेट ही शेवटी डबे ठेवण्याची जागा होते.

काचेखालच्या कपाटात काय चालते?

हॉबच्या जाहिरातीत न दिसणारी आणि दुकानात क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे हवा. शेगडीच्या खाली मोकळी जागा असते, त्यामुळे बर्नरला हवा आपोआप मिळते. अनेक गॅस हॉब मात्र ज्वलनाची हवा ओट्याखालच्या पोकळीतून घेतात. ती पोकळी ट्रॉलीने, प्लायने चारी बाजूंनी बंद केली की बर्नर गुदमरतो. निळी ज्योत पिवळी पडते, भांड्यांची बुडे काळी होतात, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होतो. नवा हॉब आठवड्याभरात काजळी धरू लागला, तर बर्नर बदलण्याआधी खालचे कपाट उघडून पाहावे. दार उघडे ठेवल्यावर ज्योत निळी झाली, तर दोष बर्नरचा नाही, सुताराने न ठेवलेल्या जाळीचा आहे. वरून हवा घेणारे बर्नरही मिळतात. खरेदीच्या वेळी हे विचारून घ्यावे.

दुसरा धोका गळतीचा. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता तळाशी, म्हणजे नेमका ट्रॉलीच्या कपाटात साचतो. दार बंद असल्याने वासही उशिरा येतो. त्यामुळे सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी किंवा भोके हवीतच. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो. तिथे वरच्या बाजूला हवा खेळती हवी. स्वयंपाकघर कायम एकाच गॅसवर राहील असे नसते, म्हणून वर आणि खाली दोन्हीकडे जाळ्या ठेवणे शहाणपणाचे.

शेगडीची नळी डोळ्यांसमोर असते. हॉबची नळी ट्रॉलीच्या मागे, उंदरांच्या वाटेवर असते. म्हणून साधी रबरी नळी नको. आत पोलादी तारेचे विणकाम असलेली, आयएसआय चिन्हाची नारिंगी ‘सुरक्षा’ नळी घ्यावी आणि ती ५ वर्षांनी बदलावी. बदलण्याची तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली की विसरत नाही. रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा व्हॉल्व्ह ट्रॉली न काढता हाताला लागेल अशाच जागी हवा.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, दिव्याचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू वा बंद करू नये, आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. हॉबचे ऑटो इग्निशन ठिणगीवरच चालते. वास येत असताना नॉब दाबून ‘पेटतोय का’ हे पाहणे ही सर्वांत वाईट चूक.

पाइप गॅस येणार असेल तर?

मुंबई, ठाणे, पुण्यासह अनेक शहरांत पाइप गॅस पोहोचला आहे आणि त्याचे जाळे वाढत आहे. हॉब घेताना हा प्रश्न आजच विचारावा लागतो, कारण एलपीजी आणि नैसर्गिक वायूचे जेट वेगळे असतात. तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूतून एलपीजीच्या मानाने साधारण ४० टक्केच उष्णता मिळते. म्हणून त्याच्या जेटचे छिद्र मोठे असते.

एलपीजीचा जेट तसाच ठेवून पाइप गॅस जोडला, तर ज्योत मरतुकडी राहते. उलटे झाले, म्हणजे पाइप गॅसचा जेट सिलिंडरवर लावला, तर मोठी, काजळी सोडणारी धोकादायक ज्योत येते. सुईने छिद्र मोठे करण्याचा घरगुती उपाय कधीही करू नये. मॉडेलसाठी दोन्ही प्रकारचे जेट मिळतात का आणि बदलून कोण देईल, हे बिल करण्याआधीच विचारावे.

विजेचे गणित कसे करायचे?

सुटी इंडक्शन प्लेट साधारण २००० वॉटची असते. ती सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, म्हणून तिला मोठा, १६ अँपिअरचा प्लग लागतो. मिक्सरच्या छोट्या प्लगवर, एक्स्टेंशन लावून ती चालवू नये. ओट्यात बसणाऱ्या चार प्लेटच्या इंडक्शन हॉबची एकूण क्षमता मात्र ७००० वॉटच्या आसपास असू शकते. सगळ्या प्लेट पूर्ण ताकदीवर असतील तर हा भार ३० अँपिअरपर्यंत जातो. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र जाड वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो आकडा, त्यावर चालणारा गीझर आणि एसी, हे सगळे वायरमनला दाखवूनच निर्णय घ्यावा. जुन्या इमारतींत तर आधी वायरिंग पाहावे, मग हॉब.

स्वस्त काय पडते, हे घरच्या घरी काढता येते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट इतकी उष्णता असते. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के हवी. इंडक्शनची साधारण ८५ टक्के धरली जाते. घरात मोठी ज्योत आणि लहान भांडे असे असेल, तर गॅसचा आकडा आणखी घसरतो. म्हणजे एक सिलिंडर जेवढा स्वयंपाक करतो, तेवढ्याला इंडक्शनवर अंदाजे १२० ते १४५ युनिट लागतील. सिलिंडरच्या किमतीला या दोन आकड्यांनी भागावे. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतो, तर उत्तर ६ रुपये २० पैसे ते साडेसात रुपये येते. वीज त्याहून स्वस्त असेल तर इंडक्शन फायद्याचे.

पण कोणती वीज? घरगुती दर टप्प्यांत असतात आणि इंडक्शनची युनिट नेहमीच्या वापरावर चढतात. म्हणून बिलातला सरासरी दर धरू नये, आपण पोहोचतो त्या सर्वांत वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि कर मिळवून धरावा. अनेक घरांत गणित इथेच उलटते. छतावर सौर पॅनेल असलेल्यांचे उत्तर अर्थातच वेगळे येईल.

बर्नर, काच आणि माप

चार बर्नर घेतले म्हणून चार भांडी मावतात असे नाही. ६० सेंटीमीटर रुंदीच्या हॉबवर पाच लिटरचा कुकर आणि पोळ्यांचा तवा शेजारी ठेवला की तिसऱ्या भांड्याचे कान एकमेकांना लागतात. चार-पाच जणांच्या घराला ७५ सेंटीमीटरच्या आसपासचा तीन बर्नरचा हॉब जास्त उपयोगी पडतो. दुकानात जाताना घरचा कुकर आणि तवा सोबत नेला तर कुणी हसले तरी चालेल.

ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा, म्हणजे फ्लेम फेल्युअर डिव्हाइस, ही जादा पैसे मोजण्यासारखी सुविधा आहे. दूध उतू गेले, वाऱ्याने ज्योत गेली, की बर्नरजवळचे थर्मोकपल थंड होते आणि काही सेकंदांत गॅस थांबतो. त्याला बाहेरची वीज लागत नाही. पेटवताना नॉब काही क्षण दाबून धरावा लागतो, याची घरातल्या ज्येष्ठांना सवय करून द्यावी लागेल. मात्र ज्योत पेटलेली असेल आणि भाजी करपत असेल, तर ही यंत्रणा काहीही करत नाही.

काच टफन्ड असली तरी फुटते. गरम काचेवर ओले फडके फिरवणे, काठावर जड भांडे आपटणे, बर्नरबाहेर पसरणारी मोठी ज्योत ही त्याची नेहमीची कारणे. रोज दणकून स्वयंपाक होणाऱ्या घरात स्टीलचा हॉब कमी देखणा पण जास्त निश्चिंत.

आणि उंची. शेगडीवरचे भांडे ओट्यापासून चार-पाच इंच वर असते, हॉबवरचे दीड-दोन इंच. जुन्या ओट्यावर हॉब बसवला की भांडे खाली जाते, उंच माणसाला वाकावे लागते. जुन्या ओट्याखाली कडाप्प्याचे उभे आधार असतात. कटआउट नेमके त्यावर येत नाही ना, हेही पाहावे. कटआउटचे कोपरे काटकोनात न कापता गोलसर ठेवायला सांगावेत, नाही तर चीर तिथूनच सुरू होते. वेबसाइटवरच्या मापावर विसंबून दगड कापू नये. हॉब घरी येऊ द्यावा, खोक्यातला कागदी साचा ओट्यावर ठेवून पेन्सिलीने आखावा, कुकर आणि तवा त्यावर मांडून पाहावा आणि मगच कटिंगवाल्याला मशीन सुरू करायला सांगावे.