वाफेचे दुकान आणि वयस्कर गिऱ्हाईक

आमच्या दवाखान्यात नेहमी येणारे एक आबा आहेत. एस.टी.त वाहक होते, निवृत्त होऊन दहा वर्षे झाली. वय ६८. विडीचे व्यसन अठराव्या वर्षापासूनचे. एक जिना चढला की धाप लागते, पहाटे खोकल्याची उबळ आली की घर जागे होते. त्यांची मुलगी व जावई इंग्लंडात लेस्टर या शहरी असतात. तिच्याकडे सहा महिने राहून आबा परत आले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तिकडं मी चार महिने विडी-सिगारेटला हात लावला नाही." मी शाबासकी देणार, तोच पुढचे वाक्य आले, "पण इथं आलो आणि पंधरा दिवसांत पुन्हा सुरू झाली."

तिकडे हे साधले कसे, तर ई-सिगारेटने. त्या देशात तिला 'व्हेप' म्हणतात आणि तिची स्वतंत्र दुकाने गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे या वस्तूला बंदी असल्याने वाचकांना तिची नीट ओळख नसते, म्हणून आधी थोडे तिच्याविषयी.

हे पेनासारखे लहान यंत्र असते. आत बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रव भरायची छोटी टाकी. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन असते. झुरका घेतला की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती छातीत जाते. येथे काहीही जळत नाही. विडी-सिगारेटमध्ये तंबाखू जळतो. त्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि कर्करोग, हृदयविकार, फुप्फुसाचा विकार हे सगळे प्रामुख्याने या धुराचे देणे आहे. निकोटीन चटक लावते, तलफ आणते. पण कर्करोगाचा मुख्य गुन्हेगार ते नव्हे. आजच्या स्वरूपातील हे यंत्र चीनमधील होन लिक या औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास तयार केले. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते.

म्हणून ही वाफ निरुपद्रवी आहे, असे मात्र कोणी समजू नये. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली असा अंदाज दिला की, व्हेपचा दीर्घकालीन अपाय सिगारेटच्या अपायाच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याचा संभव कमी आहे. या आकड्यावर वाद झाले आहेत आणि तो अंदाज आहे हे विसरू नये. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, विशेषतः शाळा-कॉलेजातील मुले, त्यांना या वस्तूचा काडीचाही फायदा नाही. फायदा आहे तो पन्नास वर्षे धूर ओढलेल्या आबांसारख्यांना, तोही धूर पूर्ण थांबला तरच. दोन्ही चालू ठेवणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही.

इंग्लंडात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांची दोन गटांत विभागणी केली होती. दोन्ही गटांना समुपदेशन मिळाले. वर्षानंतर निकोटीनचा च्युइंगम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटमुक्त होते, तर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के. यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे : व्हेपने सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढतच होते.

आता आबांच्या अनुभवाकडे वळू, कारण आजचा खरा विषय तोच आहे. मुलीने त्यांना प्रथम ज्या दुकानात नेले, तेथून ते दोन मिनिटांत बाहेर पडले. कानठळ्या बसवणारे संगीत, निळे-जांभळे दिवे, भिंतभर रंगीत बाटल्या, त्यांवर मुंगीएवढी अक्षरे. गल्ल्यावरचा पोरगा 'ओहम', 'वॅट' असे काहीबाही विचारू लागला. "मला वाटलं, मी चुकून मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात शिरलो," आबा म्हणाले. तरण्या मंडळींसमोर 'मला सिगारेट सुटत नाही' असे सांगायची लाजही वाटली. बाहेर येऊन त्यांनी पहिली सिगारेट पेटवली.

असे केवळ परदेशातून आलेल्या म्हाताऱ्याचेच होते असे नाही. तिकडचे वयस्कर लोकही दारातून परत जातात. त्यात गैरसमजाची भर असते. व्हेप सिगारेटइतकीच किंवा अधिक घातक आहे, असे मानणाऱ्या धूम्रपींची संख्या ब्रिटनमध्ये मोठी आहे. अमेरिकेत २०१९ साली वाफ ओढणाऱ्या अनेकांची फुप्फुसे एकाएकी निकामी झाली, ६८ माणसे दगावली, ती बातमी पुष्कळांच्या डोक्यात बसली आहे. ती प्रकरणे मुख्यतः गांजातील द्रव्य भरलेल्या, व्हिटॅमिन ई अॅसिटेटची भेसळ असलेल्या मालाची होती. ब्रिटनमधील निकोटीनच्या द्रवात ते द्रव्य घालण्यास मनाई आहे. पण हे म्हाताऱ्याला समजावून सांगणार कोण? दुकानदाराने ते करायला हवे, आणि त्यासाठी गिऱ्हाईक आधी दुकानात थांबले पाहिजे.

थांबण्याने काय मिळते याचे उत्तर त्याच देशातील एका जुन्या अभ्यासात आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ३४ हजारांहून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षे नोंद ठेवली. २००४ साली निष्कर्ष आला : तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी १० वर्षे, चाळिशीत ९, पन्नाशीत ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे ३ वर्षे आयुष्य अधिक मिळते. "आता या वयात सोडून काय होणार?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा ऐकावा लागतो. तीन वर्षे म्हणजे नातवाची दहावी, नातीचे लग्न.

आबांचे दुसरे दुकान वेगळे निघाले. साधेच, पण उजेड भरपूर, गाणी नाहीत आणि गल्ल्याशेजारी दोन खुर्च्या. चालवणारी बाई पन्नाशीची, स्वतः पूर्वी सिगारेट ओढणारी. तिने आबांना आधी बसवले. मुलगी दुभाषी होती. पण बाई प्रश्न विचारताना आबांच्या तोंडाकडे पाहत होती, ही गोष्ट आबांच्या लक्षात राहिली. दिवसाला किती ओढता? सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने? हा दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे. उठल्यापासून पाच मिनिटांत ज्याला लागते त्याचे व्यसन घट्ट, आणि त्याला निकोटीन पुरेसे मिळाले नाही तर तो दोन दिवसांत सिगारेटकडे परततो. ब्रिटनच्या कायद्याने द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. 'कमी तेवढे बरे' म्हणून अगदी सौम्य द्रव माथी मारणे ही म्हाताऱ्या गिऱ्हाइकाशी केलेली दयाळू चूक असते.

तिने यंत्रही साधे दिले. एकच बटण, सिगारेटसारखाच झुरका, तंबाखूचा स्वाद. ब्रिटनमध्ये एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर १ जून २०२५ पासून बंदी आहे, त्यामुळे टाकी भरणे किंवा डबी बदलणे शिकावेच लागते. द्रवाची बाटली १० मिलिलिटरची, तिचे झाकण मुलांना उघडू नये असे दाबून फिरवायचे. संधिवाताच्या बोटांना ते जमत नाही. बाईने आबांकडून तीनदा भरून घेतले आणि जमेना तेव्हा बदलायच्या डबीचे यंत्र काढून दिले. झुरका सावकाश घ्यायचा, सिगारेटसारखा ओढून काढायचा नाही, पहिले काही दिवस खोकला येईल, तोंड कोरडे पडेल, पाणी प्या, हे सांगितले. मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद दिला आणि चार दिवसांनी पुन्हा या म्हणाली. आबा सहा वेळा गेले. चहा नव्हता, पण गप्पा होत्या, असे ते म्हणतात. पूर्व इंग्लंडातील नॉर्विचच्या विद्यापीठातील संशोधकांनीही व्हेपची दुकाने माणसाला सिगारेटपासून दूर ठेवायला मदत करू शकतात, असे मांडले आहे. लेस्टरच्या सिगारेट-सोडवणूक सेवेने तर २०१४ सालीच व्हेप वापरू इच्छिणाऱ्यांना आपल्यात सामावून घेतले होते.

वयस्कर गिऱ्हाइकाच्या दुकानदाराला आणखी काही गोष्टी ठाऊक हव्यात आणि माझ्या मते त्या खुर्चीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. पहिला प्रश्न, 'तुम्ही सिगारेट ओढता का?' उत्तर 'नाही' असेल तर माल विकू नये. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याच्याजवळ सिगारेट नको आणि व्हेपही नको, आग लागते. द्रव नातवंडांच्या हाती लागता कामा नये, निकोटीन पोटात गेले तर ते विष आहे. बॅटरी उशीखाली ठेवून झोपू नये. आणि औषधे. दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापीन घेणाऱ्याने धूर थांबवला की त्या औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. धुरातील द्रव्ये यकृताला ते औषध लवकर संपवायला लावत असतात. धूर गेला की ती घाई थांबते. मात्रा कमी करावी लागते, आणि ते काम दुकानदाराचे नव्हे. त्याने एवढेच म्हणावे : 'सिगारेट सोडताय हे डॉक्टरांना कळवा.'

आबांनी मला विचारले, "ते यंत्र इथं मिळेल का?" नाही. आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सर्वांस बंदी आहे; विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही. आबांनी आपले यंत्र मुलीकडेच ठेवले ते योग्यच केले. चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय भरले आहे हे कोणी तपासत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. शिवाय २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात तंबाखू चघळणारे, मशेरी लावणारे प्रौढ २४.४ टक्के, तर धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. आपला मुख्य शत्रू धुराचा नाही, चुन्याच्या डबीतला आहे.

इकडे उपाय आहेत ते निकोटीनचा च्युइंगम, पट्टी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या. आबांना मी प्रथम २ मिलिग्रॅमचा च्युइंगम दिला. तो साध्या च्युइंगमसारखा चघळायचा नसतो. झणझणले की गालात दाबून ठेवायचा. दोन दिवसांत आबा कवळी हातात घेऊन आले, च्युइंगम तिला चिकटला होता. मला आधी सुचायला हवे होते. मग पट्टी दिली, थिओफिलिनची मात्रा कमी केली आणि दर चार दिवसांनी येऊन बसायला सांगितले. बाकावर गर्दी असते, म्हणून त्यांच्यासाठी दुपारी बारानंतरची वेळ ठेवली आहे. आज सव्विसावा दिवस आहे. मध्ये एका लग्नात दोन विड्या झाल्या, त्या त्यांनी स्वतःहून सांगितल्या.

ज्यांना दवाखान्यात येणे जमत नाही त्यांनी तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतसेवेला १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करावा. जिल्हा रुग्णालयातील तंबाखूमुक्ती केंद्रातही चौकशी करावी. जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.