घरी वेल्डिंगचा सराव करताना: आधी डोळे, मग मशीन



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत वेल्डिंग मशीनसाठी कर्जाची मागणी आली. मशीन छोटं इन्व्हर्टरचं, एका हातानं उचलता येणारं, घरच्या सिंगल फेजवर चालणारं. ताईंनी प्रशिक्षण घेतलेलं होतं. तरी एकीनं विचारलंच, "हात बसला नाही तर हप्ता कोण भरणार?" प्रश्न खरा आहे. प्रशिक्षणात ओळख होते, हात बसतो तो सरावानं. तो सराव घरी कसा करायचा, ते सांगते.

डोळे आणि कपडे

मी शिकताना "एकदाच बघते" म्हणून काच न धरता ठिणगीकडं पाहिलं. तेव्हा काहीच झालं नाही. रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचायला लागलं, पाणी थांबेना. म्हणून १० किंवा ११ नंबरची काळी काच असलेलं हेल्मेट घातल्याशिवाय रॉड टेकवायचाच नाही. साधा गॉगल चालत नाही. डोळे आलेच तर बटाट्याचा रस, दूध असलं काही घालू नका, दवाखान्यात जा.

नायलॉनची साडी किंवा ओढणी नको, ठिणगीनं ती वितळून अंगाला चिकटते. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी हातमोजे, बंद बूट घाला. बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. पोरं बघायला जमतात, त्यांना आधी लांब पाठवा. कडबा, गोवऱ्या, गॅस जवळ नको.

जागा आणि वीज

जागा मोकळ्या हवेची आणि कोरडी हवी. ओल्या अंगणात किंवा पावसात काम बंद. ५ अँपिअरच्या साध्या प्लगवर मशीन लावू नका, वायर तापते. वायरमनकडून जाड वायरचा १५-१६ अँपिअरचा पॉईंट आणि अर्थिंग करून घ्या.

पहिले काही दिवस

भंगारवाल्याकडून ५-६ मिमी जाडीच्या पट्ट्या आणा. पातळ पाईपवर सुरुवात केली की भोकंच पडतात. गंज आणि रंग घासून काढा. गॅल्व्हनाईज्ड पत्रा सरावाला घेऊ नका, त्याच्या धुरानं थंडी-ताप येतो. बंद पिंप किंवा तेलाचा डबा तर कधीच नाही, त्याचा स्फोट होतो.

रॉड २.५ मिमीचा, म्हणजे दुकानात ज्याला १२ नंबर म्हणतात तो घ्या. करंट ७०-८० अँपिअरवर ठेवून बघा. रॉडच्या पाकिटावरही आकडे असतात. अर्थचा चिमटा स्वच्छ लोखंडाला लावा. काडेपेटीची काडी ओढतो तसा रॉड ओढा आणि लगेच थोडा उचला. अंतर रॉडच्या जाडीएवढंच ठेवा. रॉड चिकटला तर झटका देऊन बाजूला वळवा, तरी सुटला नाही तर होल्डरमधून सोडा.

भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचर आवाज आला की समजायचं, जमतंय. सारखा चिकटतोय आणि रेघ दोरीसारखी वर साचतेय, तर करंट कमी आहे. रेघ पसरते आणि ठिणग्या फार उडतात, तर जास्त आहे. रोज एका पट्टीवर दहा सरळ रेघा मारा. गार झाल्यावर वरची खपली हातोडीनं काढा, पण साधा चष्मा लावून, कारण ती डोळ्यात उडते.

रॉड पापडासारखे घट्ट डब्यात ठेवा. ओल लागली की नीट पेटत नाहीत.

जोड पक्का आहे का?

दोन तुकडे उलट्या टी सारखे उभे-आडवे ठेवून एकाच बाजूनं जोडा. गार झाल्यावर वेल्ड नसलेल्या बाजूनं उभ्या पट्टीवर हातोडी मारा. जोड एका पट्टीवरून सोलून निघाला तर तो नुसता वर बसला होता, आत शिरलाच नव्हता. वरून कितीही छान दिसला तरी तो कच्चाच. असे पाच जोड लागोपाठ टिकले की पुढं जा.

पहिली ऑर्डर

कुंडीचा स्टँड, हंडे ठेवायची घडवंची, कोंबड्यांचं खुराडं इथून सुरुवात करा. शिडी, झोपाळा, जिन्याचा कठडा अजून घेऊ नका. तिथं जोड सुटला तर माणूस पडतो.

ज्यांनी अजून प्रशिक्षण घेतलेलं नाही, त्यांनी हे वाचून एकटीनं मशीन लावू नये. जवळच्या आरसेटीत किंवा आयटीआयमध्ये वर्ग कधी आहे, ते सीआरपी ताईंकडं विचारा. आणि कर्ज मागताना मशीनसोबत हेल्मेट, हातमोजे आणि वायरिंगचा खर्चही मागणीत धरा. तो मागाहून बघू म्हटलं की राहूनच जातो.

— तुमची क्षेत्र समन्वयक