पोरांच्या हाती गल्लीचा नकाशा

गल्लीत काही सुधारणा करायची निघाली, की सभेला बसतात घरोघरचे कर्ते पुरुष. आपण फार तर चहा द्यायला! आणि मुलांना ‘जा, अभ्यास कर’ म्हणून आधीच पिटाळलेलं असतं. म्हणूनच, मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या एका वस्तीची हकीकत तुम्हांला सांगावीशी वाटते.

बॉस्टन शहरात रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट आहे. १९८०च्या सुमारास या परिसराची अगदी रया गेली होती. विम्याच्या पैशांसाठी कित्येक घरं पेटवली गेली. तेराशेच्या आसपास प्लॉट ओसाड पडले, आणि बाहेरचे लोक तिथे रात्री-अपरात्री कचरा आणून टाकीत.

१९८४ मध्ये ‘डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह’ ही संस्था निघाली. पण सुरुवातीच्या योजनेत कारभार बाहेरच्यांच्याच हाती! रहिवाशांनी भर सभेत विचारलं, तुमच्यापैकी इथे राहतं कोण? झालं, मंडळात रहिवाशांचं बहुमत आलं. १९८६ मध्ये कचऱ्याविरुद्ध मोहीम, पुढल्या वर्षी वस्तीचा आराखडा, आणि १९८८ मध्ये ठरावीक पट्ट्यातल्या पडीक जमिनी सक्तीने घेण्याचा अधिकारच संस्थेला मिळाला. तिकडेही हे नवलच.

मला कौतुक वाटलं ते मुलांचं. मंडळात त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. जॉन बॅरोस हा केप व्हर्दे बेटांवरून आलेल्या कुटुंबातला मुलगा सतराव्या वर्षी निवडून आला. पुढे तोच संस्थेचा प्रमुख झाला आणि २०१३ मध्ये शहराच्या महापौरपदासाठी उभा राहिला! नव्वदीच्या दशकात तिथल्या मुलांनी आर्किटेक्ट लोकांबरोबर बसून समाजकेंद्राचे नकाशे काढले, मॉडेलं केली. याच रस्त्यावर २०११ मध्ये पोहण्याच्या तलावासकट मोठं केंद्र उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, वस्ती सुधारली की भाडी वाढतात, आणि राबलेल्यांनाच बिऱ्हाड हलवावं लागतं. खरंच आहे. त्यावरही तोड काढली त्यांनी. जमीन ट्रस्टची, घर तेवढं आपलं. जमिनीचा पट्टा ९९ वर्षांचा, आणि घर विकायचं तर भाव मर्यादेतच. ट्रस्टच्या जमिनीवर दोनशेच्या वर घरं तिथे झाली आहेत.

हे वाचल्यावर मी नववीच्या वर्गाला आपापल्या गल्लीचा नकाशा काढायला सांगितला. मुलग्यांनी क्रिकेटची जागा दाखवली. मुलींनी मात्र, न सांगता, दिवा नसलेले कोपरे काळे केले. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाते मी, पण कुणा मुलीला असं विचारलं होतं का कधी?

पुण्यात २००६ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या भागातली कामं सुचवता येतात. दिवे, पदपथ, बाक अशी साधी कामं. अशी सोय आपल्या गावी आहे का, ते वॉर्ड ऑफिसात विचारावं. आणि फॉर्म भरताना यजमानांच्या शेजारी मुलीलाही बसवावं.