उझबेक आणि इंग्रजी शास्त्रीय लेखन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुर्की भाषा फारसीच्या तोडीची आहे, हे हेरातच्या अलीशेर नवाईने १४९९ मध्ये दोहोंची तुलना करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहून सप्रमाण मांडले. परंतु त्या परंपरेची वारस असलेली उझबेक आज इंग्रजीशेजारी ठेवली, की तिच्या शास्त्रीय लेखनाविषयी नवे पूर्वग्रह डोके वर काढतात.

गैरसमज : उझबेक वाक्ये लांबलचक, म्हणून विचार अस्पष्ट.

वस्तुस्थिती : उझबेकमध्ये मराठीप्रमाणेच क्रियापद शेवटी येते आणि विशेषणे नामाच्या आधी बसतात. ‘ताद्किकोत्दा ओलिंगान नातिजालार’ म्हणजे ‘संशोधनात मिळवलेले निष्कर्ष’. त्यातील ‘दा’ हा आपला सप्तमीचा ‘त’, ‘गान’ हे आपले ‘लेले’, आणि ‘नातिजा’ हा ओळखीचा नतीजाच. असा मजकूर इंग्रजी बहुधा नामामागून जोडते; तिच्या गजाने ही लांबी मोजणे न्याय्य नव्हे.

गैरसमज : शास्त्रीय लेखनात लेखकाने स्वतःचा उल्लेख करू नये, असा सार्वत्रिक दंडक आहे.

वस्तुस्थिती : वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरील १९५३ चा इंग्रजी निबंध ‘आम्ही’नेच सुरू होतो. उझबेकमध्ये तर एकटा लेखकही ‘फिक्रिमिझचा’, म्हणजे ‘आमच्या मते’, असे लिहितो. हा बहुवचनी विनय जसाच्या तसा इंग्रजीत उतरला, तर वाचक दुसऱ्या लेखकाचे नाव शोधू लागतो.

गैरसमज : उझबेक प्रबंधाच्या प्रस्तावनेतील ठरावीक मथळे हा निव्वळ कागदी सोपस्कार.

वस्तुस्थिती : सोव्हिएत काळापासूनच्या शिरस्त्यानुसार ‘दोल्झार्बलिगी’, म्हणजे विषयाची निकड, आणि ‘इल्मिय यांगिलिगी’, म्हणजे शास्त्रीय नावीन्य, हे मुद्दे नाव घेऊन मांडावे लागतात. इंग्रजी लेखकालाही हेच सिद्ध करावयाचे असते; मात्र तो पूर्वसूरींच्या कामाचा जमाखर्च मांडून, कोणता प्रश्न शिल्लक राहिला, ते दाखवतो. दावा तोच, दाखल करण्याची रीत निराळी.

गैरसमज : शब्द बदलले की भाषांतर झाले.

वस्तुस्थिती : उझबेक प्रबंधातील प्रकरणाला ‘बोब’ म्हणतात आणि समारोपाला ‘खुलोसा’. दोन्ही शब्द मूळचे अरबी. आपल्या दप्तरांत ते ‘बाब’ आणि ‘खुलासा’ होऊन निराळ्याच कामावर रुजू झाले. आपल्याकडे खुलाशाने बोलणे सुरू होते, ताश्कंदच्या प्रबंधात त्याने ते संपते. मग ज्या भाषेशी असे नातेही नाही, तिच्यात प्रबंध नेताना शब्दांबरोबर रिवाजही बदलावे लागले, तर त्यात नवल काय?