साध्या दिव्यावर जुळणारे रेणू

बहुतेक सेंद्रिय संयुगे रंगहीन असतात, म्हणजेच दृश्य प्रकाश त्यांच्यात शोषला जात नाही. अतिनील किरण पुष्कळ संयुगे शोषतात. पण २५४ नॅनोमीटरच्या किरणांत मोलमागे सुमारे ४७० किलोज्यूल ऊर्जा असते आणि कार्बन-कार्बन बंध साधारण ३५० किलोज्यूलमध्ये तुटतो. त्यामुळे नको ते बंधही तुटतात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशात ही ऊर्जा २६६ किलोज्यूलच असते. तो शोषण्याचे काम रंगीत उत्प्रेरकाकडे सोपवले जाते.

रुथेनियमच्या अणूभोवती तीन बायपिरिडीन बसलेले केशरी संयुग हा असा नामांकित उत्प्रेरक. प्रकाश पडताच धातूवरचा एक इलेक्ट्रॉन बायपिरिडीनवर जातो. ही उत्तेजित अवस्था जेमतेम मायक्रोसेकंदभर टिकते, पण रेणूंच्या हिशेबी हा अवधी ऐसपैस! तेवढ्यात शेजारच्या रेणूंशी असंख्य टकरी होतात. विशेष म्हणजे या अवस्थेत उत्प्रेरक इलेक्ट्रॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो. सारा व्यवहार हातउसन्यासारखा: एकाकडून घेतलेला इलेक्ट्रॉन दुसऱ्याला दिला की उत्प्रेरक पुन्हा मूळ रूपात मोकळा.

२००८ साली प्रिन्स्टनमध्ये रसायनशास्त्रज्ञ निसेविच आणि मॅकमिलन यांनी १५ वॉटच्या घरगुती दिव्यावर हे करून दाखवले. इलेक्ट्रॉन मिळताच ब्रोमिनयुक्त रेणूतला कार्बन-ब्रोमिन बंध तुटतो, मुक्त मूलक तयार होतो आणि तो ॲल्डिहाइडपासून बनलेल्या एनामाइनला जोडला जातो. दुसरा, सेंद्रिय उत्प्रेरक उजव्या-डाव्या रूपांपैकी एकाचीच निवड करतो. पुढे २०१५ मध्ये टेहशिक यून यांच्या गटाने मोजले, तेव्हा सुरू झालेल्या एका साखळीमागे उत्पादिताचे सुमारे १८ रेणू मिळत होते. म्हणजे प्रकाश फक्त सुरुवात करून देतो, पुढची साखळी स्वतःच चालते.

दृश्य प्रकाशावरच्या या उत्प्रेरणाचा जन्म सर्रास २००८चा मानला जातो, हा मोठा अन्याय आहे. बोलोन्यात सूर्यप्रकाशात प्रयोग करणाऱ्या जियाकोमो चामिचान यांनी १९१२ मध्येच न्यूयॉर्कच्या भाषणात उन्हावर चालणाऱ्या रासायनिक उद्योगाचे चित्र रंगवले होते. हेच रुथेनियम संयुग आणि इओसिनसारखे रंग क्षपणाची गती वाढवतात, हे केलॉग आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये १९७८ साली दाखवले होते. पण त्या काळात या संयुगाकडे लक्ष होते ते मुख्यतः सौरऊर्जा साठवण्यासाठी.

या पद्धतीला लावले जाणारे ‘हरित’ हे बिरुदही जपूनच वापरायला हवे. रुथेनियम आणि इरिडियम दुर्मीळ व महाग आहेत, आणि बहुतेक प्रयोगशाळांत सूर्य नव्हे, निळे एलईडी वापरले जातात. धातूला पर्याय मात्र आहे: २०११ मध्ये झाइटलर, कोनिग आणि सहकाऱ्यांनी मॅकमिलन यांचीच अभिक्रिया इओसिन-वाय या स्वस्त रंगावर घडवली. मोठ्या पात्रात प्रकाश काठाजवळच शोषला जातो आणि मधले द्रावण अंधारात राहते. म्हणून मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनासाठी द्रावण एलईडीभोवती गुंडाळलेल्या बारीक पारदर्शक नळीतून सतत वाहते ठेवतात.